पातोळीचा वास कुठे गेला?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकमित्रांनी एकच अट घातली, ‘यंदा लसीकरणावर नको.’ गेली कित्येक वर्षे मी या पानांतून लसीकरण, जुलाब, दम्याचे पंप आणि परीक्षेचा ताण यांवरच लिहीत आलो आहे. त्यामुळे त्यांची विनंती रास्त होती. या वेळी जो विषय निवडला आहे, तो मला सुचला नाही. तो चालत माझ्या दवाखान्यात आला, आणि पहिल्या दोन भेटींत मी त्याला ओळखलेदेखील नाही. ही कबुली व्यवसायबंधूंच्या संमेलनात देण्यापेक्षा लेखात देणे सोपे, म्हणून हा प्रपंच.

सन २०२३ ची चवथ नुकतीच सरली होती. सप्टेंबरच्या अखेरीस पेडणे तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावातून एक माउली आपल्या मुलाला घेऊन आली. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत शिकणारा. त्याच्या दंडावरील बी.सी.जी.च्या व्रणापासून माझी त्याची ओळख. आईने बसता बसताच तक्रार मांडली, “दोतोर, हेच्या तोंडाक रूचच ना.” चवथीला घरात खतखते झाले, नेवऱ्या झाल्या, पातोळ्या झाल्या, पोराने सारे पानात टाकले. आईच्या स्वरात आजाराच्या काळजीइतकाच आपल्या हातच्या पदार्थांचा अवमान झाल्याचा सल होता.

मुलाला विचारले, नेमके काय होते? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “पातोळी गोड लागते. पण पातोळी लागत नाही.”

वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत या लक्षणाचे इतके अचूक वर्णन माझ्या वाचनात नाही. त्या एका वाक्यात निदानाची अर्धी वाट होती, पण त्या दिवशी मी ती चाललो नाही. बाहेर वीसेक मुले खोळंबली होती. ताप येऊन गेला असेल, सर्दी असेल, कदाचित कोविड हलकासा होऊन गेला असेल, असा तर्क करून मी नाकात घालण्याचे खारे पाणी आणि जस्ताच्या गोळ्या लिहून दिल्या आणि दोन आठवड्यांनी बोलावले.

मुलाच्या वाक्याचा अर्थ आधी समजून घेऊ. आपण ज्याला ‘चव’ म्हणतो ती एक गोष्ट नसून तीन गोष्टींची गाठ आहे. पहिली खुद्द जिभेची. जिभेवर, टाळूच्या मागील भागावर आणि घशाच्या तोंडाशी काही हजार रुचिकलिका असतात. त्यांना गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी ‘उमामी’ म्हणजे मांसरसाची वा सुक्या सुंगटांची ती भरीव चव, एवढेच कळते. हा पाचवा रस जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली ओळखला. आपल्याकडच्या सुक्या बाजाराला तो त्याआधीपासून ठाऊक होता, नाव तेवढे नव्हते. जिभेच्या पुढील दोन तृतीयांश भागाची संवेदना चेहऱ्याच्या चेतातंतूची एक शाखा वाहते. ती मध्यकर्णातून, कानाच्या पडद्यामागून जाते, म्हणून कानाच्या जुनाट विकारात किंवा शस्त्रक्रियेनंतर जिभेची एक बाजू बेचव होऊ शकते. मागील एक तृतीयांश भागाची सोय दुसऱ्या चेतातंतूकडे असते.

जाता जाता एक खुलासा. जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट आणि मुळाशी कडू असा नकाशा आपण सर्वांनी शाळेत रंगवला आहे. तो चुकीचा आहे. हेनिग या जर्मन संशोधकाने १९०१ साली जिभेच्या निरनिराळ्या भागांच्या संवेदनशीलतेतील अगदी किरकोळ फरक नोंदवले होते. १९४२ साली एडविन बोरिंग यांच्या ग्रंथात ती आकृती अशा रीतीने उतरली की किरकोळ फरक सरहद्दी होऊन बसले. प्रत्यक्षात पाचही रस जिभेच्या सर्व रुचिकलिकांच्या प्रदेशांत कळतात.

दुसरी गोष्ट गंधाची, आणि ‘चवी’चा मोठा वाटा तिचाच. घास चावताना त्यातील सुगंधी द्रव्ये घशाच्या मागच्या बाजूने वर चढतात आणि नाकाच्या छताशी असलेल्या गंधपटलापर्यंत पोचतात. गंध बाहेरून नव्हे, आतून येतो, म्हणून मेंदू त्याचा पत्ता ‘तोंड’ असा लिहितो. माणसात गंध ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक आहेत; जिभेच्या पाच रसांपुढे हा पसारा केवढा! पातोळीचेच पाहा. तांदळाच्या पिठाला स्वतःची चव बेताचीच. गूळखोबऱ्याचा गोडवा जीभ ओळखते. पण पातोळीला पातोळी करते ते हळदीचे पान, आणि हळदीच्या पानाला जिभेच्या भाषेत शब्दच नाही, ते सर्वस्वी नाकाचे काम. मुलाला गोड लागत होते, पातोळी लागत नव्हती. म्हणजे जीभ शाबूत होती आणि बिघाड वर, गंधाच्या मार्गात होता.

ही परीक्षा घरीही करता येते. नाक चिमटीत धरून पिकलेल्या फणसाचा गरा तोंडात घाला. फक्त गोड आणि बुळबुळीत असे काहीतरी लागेल. चावता चावता नाक सोडा, आणि फणस एकदम अवतरेल. मी आता दवाखान्यात वेलचीची एक गोळी ठेवतो आणि हीच परीक्षा करतो. अर्ध्या मिनिटात उरकते, खर्च शून्य. पहिल्या भेटीत मी ती केली नव्हती.

तिसरी गोष्ट स्पर्शाची. तोंडाच्या आतील त्वचेला जळजळ, थंडावा, चुरचुर, आवळ कळते आणि ती खबर त्रिशाखी चेतातंतू नेतो. आपल्या आयुर्वेदाने मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय असे षड्रस सांगितले. त्यांतील कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. मराठीत ‘कडू’ हा शब्द ‘कटु’वरून आला आणि अर्थाची अदलाबदल झाली, त्यामुळे विद्यार्थी हमखास गोंधळतात. आधुनिक शरीरशास्त्र तिखटाला रस मानत नाही. मिरचीतील द्रव्य उष्णतेच्या ग्राहकालाच चेतवते, म्हणून तोंड खरोखर ‘भाजते’. हा ग्राहक शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली आर्डेम पटापूटियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पुदिन्याचा थंडावा असाच थंडीच्या ग्राहकाकडून येतो. काजूच्या बोंडूने जीभ आवळते, ती त्यातील टॅनिनमुळे लाळेतील प्रथिने साकळतात म्हणून. आणि बांगड्याच्या हुमणातील तिरफळाने ओठांना जी झिणझिण सुटते, तीही स्पर्शाचीच लीला. तरीही कटु आणि कषाय यांना रसांच्या पंक्तीत बसवणारे आचार्य जेवणाऱ्याच्या अनुभवाशी अधिक प्रामाणिक होते, असे मला वाटते. जेवणारा चेतातंतू मोजत बसत नाही.

आता त्या मुलाकडे परत येऊ. दोन आठवड्यांनी तो आला. फरक नव्हता. या वेळी मी शहाण्यासारखे कान पाहिले, नाकात डोकावलो, जीभ पाहिली, डोक्याला मार लागला होता का हे विचारले. हा प्रश्न आपल्या भागात कधीही वगळू नये. दुचाकीवरून पडून कपाळ वा डोक्याची मागची बाजू आदळली, तर गंधाचे नाजूक तंतू कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून जातात तिथेच कापले जाऊ शकतात, आणि बाहेर जखमेचा मागमूसही नसतो. कोणती औषधे चालू होती हेही विचारले, कारण मेट्रोनिडॅझोलसारख्या साध्या गोळीनेही तोंडाला धातूची चव येते. त्याच सुमारास डिचोलीकडील एक मुलगी माझ्याकडे येत असे. तिलाही ‘चव नाही’ अशीच तक्रार होती. तिच्या नाकातील आवरण ॲलर्जीने इतके सुजले होते की गंध वरपर्यंत पोचतच नव्हता; नाकाच्या फवाऱ्याने ती महिनाभरात खडखडीत बरी झाली. या मुलाचे नाक मात्र मोकळे होते. कोविडचीही खूण नव्हती. कोविडमध्ये गंध जात असे तो बहुधा अचानक, एका सकाळी. विषाणू गंधपेशींना आधार देणाऱ्या शेजारपेशींवर हल्ला करतो, त्यातून ते घडते. याची रुची मात्र आठवड्या-आठवड्याने विरत गेली होती.

मी चिठ्ठी लिहीत होतो, मुलगा उठला, आणि माझ्या टेबलावरून कलिंगडाचा वास गेला.

ऑक्टोबर महिना. आपल्याकडे पर्रेची कलिंगडे येतात ती उन्हाळ्यात. तीही एवढी थंडगार, पुदिन्यात बुडवलेली नसतात. मी आईंना म्हटले, “तुम्ही थोड्या बाहेर बसा, मला याचे वजन-उंची नीट पाहायची आहे.” वजन-उंची पाहायची नव्हती, हे त्या माउलीला बहुधा कळलेही असेल.

बारा वर्षांपुढच्या मुलाला प्रत्येक भेटीत निदान दहा मिनिटे पालकांशिवाय भेटावे, असे आम्हा बालरोगतज्ज्ञांना शिकवलेले असते. मीच ते निवासी डॉक्टरांना शिकवले आहे. पण ज्याला पाळण्यात पाहिले, तो मोठा झाला हे मान्य करायला डॉक्टरलाही आईइतकाच वेळ लागतो. मी त्याला विचारले, “कुठला फ्लेवर?” नकार देण्याची संधीच न ठेवणारा हा प्रश्न होता. तो दचकला, हसला, आणि मग सारे सांगून टाकले.

त्याच्या काकांच्या किनाऱ्याजवळ पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्या आहेत. सुटीत तो तिथे मदत करतो. मे महिन्यात एक पाहुणा खोलीत एक चपटी, रंगीत, बोटाएवढी वस्तू विसरून गेला. पुस्तकातील ओळी रंगवण्याच्या पेनासारखी ती दिसत होती. मित्रांनी सांगितले की ही व्हेप. ओढून पाहिली. खोकला आला नाही, कडू लागले नाही, घरी वास लागला नाही. ती संपली तेव्हा दुसरी मिळवणे फारसे कठीण गेले नाही. जूनमध्ये दिवसातून चारदा, ऑगस्टमध्ये सकाळी उठल्या उठल्या. चवथीच्या आधी काही दिवस त्याला त्या कलिंगडाचीही चव लागेनाशी झाली. त्याला वाटले माल नकली आला. म्हणून दुसरा फ्लेवर घेतला, मग तिसरा. पातोळी त्यानंतरची.

या अवस्थेला व्हेप ओढणाऱ्यांनी स्वतःच एक नाव ठेवले आहे, ‘व्हेपर्स टंग’, म्हणजे व्हेपवाल्याची जीभ. आजाराच्या कोणत्याही अधिकृत यादीत ते नाही आणि त्यावरचे पद्धतशीर संशोधन अजून तोकडे आहे. परंतु ती का घडते हे शरीरशास्त्राच्या आधारे बरेचसे समजू शकते.

या यंत्रात बॅटरीच्या उष्णतेने एक द्रव तापून त्याचा फवारा होतो. द्रवाचे मुख्य घटक दोन, प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. दोन्ही पाणी शोषून घेणारी द्रव्ये आहेत. दिवसभरात शेकडो झुरके घेतले की तोंड आणि घसा कोरडा पडतो. रुचिकलिकेपर्यंत कोणताही पदार्थ पोचायचा तर तो आधी लाळेत विरघळावा लागतो. कोरड्या जिभेवर साखर ठेवली तर ती काही क्षण खडीसारखी लागते, तसे हे. त्यातच गोडी आणणारे सुक्रालोजसारखे द्रव्य आणि पुदिन्याविना थंडावा देणारी कृत्रिम द्रव्ये घातलेली असतात. ती मात्रा सततची असल्याने साध्या घरच्या गोडाला जीभ दाद देत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. एकच वास सतत येत राहिला की गंधसंस्था तो ऐकणे बंद करते. काजूच्या भट्टीवर काम करणाऱ्याला भट्टीचा वास येत नाही. आपण गाडीतून उतरताच येतो. मासळीबाजारात बसणाऱ्या बाईला मासळीचा वास विचारा! ही थकावट नसून शहाणपण आहे, नव्या वासासाठी जागा मोकळी ठेवण्याचे. पण जो तोच फ्लेवर दिवसाकाठी शेकडो वेळा ओढतो, त्याला प्रथम तो फ्लेवर लागेनासा होतो. तेवढ्यावर थांबले तर काही तास वा दिवस दूर राहिल्याने ते परत येते. यात खुद्द गंधपटलाला तापलेल्या फवाऱ्याचा दाह आणि निकोटिनचा परिणाम मिळाला, तर इतर वासही फिके होत जातात. या मुलाचे बहुधा हेच झाले होते.

दिलासा देणारी बाब ही की या पेशी नव्या होतात. रुचिकलिकेतील पेशीचे आयुष्य सरासरी दहा दिवसांचे. गंधपेशींना अधिक काळ लागतो, पण त्यादेखील आयुष्यभर नव्याने उगवत राहतात. चेतापेशींत हे भाग्य फार थोड्यांना लाभते. विडी-सिगारेट सोडणाऱ्यांची अन्नाची गोडी काही आठवड्यांत परतू लागते, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे.

मुलाने स्वतःहून काही उपाय करून पाहिले होते. पाणी भरपूर पिणे, जीभ खरवडणे, कॉफीची पूड हुंगणे, फ्लेवर बदलणे, जास्त थंड फ्लेवर घेणे. पाणी पिण्यात गैर काही नाही, जीभ साफ ठेवण्यातही नाही. फ्लेवर बदलण्याचा उपाय मात्र मला घातक वाटतो. चव लागेना म्हणून मुलगा अधिक खोल, अधिक वेळा ओढतो, किंवा अधिक तीव्र नळी शोधतो. चव लागो न लागो, निकोटिन तितकेच आत जाते. द्रव संपत आला की आतील वात करपते आणि ग्लिसरीन जास्त तापून ॲक्रोलिन, फॉर्माल्डिहाइडसारखी दाहक द्रव्ये निर्माण होतात. नाक ठीक असेल तर करपल्याचा वास येऊन हात थांबतो. ज्याची चव गेली आहे त्याला ती सूचनाच मिळत नाही. त्याच न्यायाने त्याला गॅसची गळती कळणार नाही आणि नासलेले दूध तो पिऊन मोकळा होईल.

मी त्याला म्हटले, चव गेली हे तुझ्या शरीराने तुला कळवले आहे, तेवढे पुरे, आता तिला आणण्याच्या युक्त्या नको करूस. ओढणे थांबव, ती आपण होऊन येईल. हे बोलायला सोपे. सोळाव्या वर्षी मेंदू अजून घडत असतो. तो पुरा घडायला पंचविशी उजाडते आणि त्या काळात निकोटिनची पकड लवकर बसते. शिवाय आताच्या या यंत्रांत निकोटिन क्षाराच्या रूपात असते. जुन्या द्रवात ते तीव्र होताच घशाला झोंबत असे, आणि ते झोंबणे हाच काय तो लगाम होता. क्षाराने तो काढून टाकला. २००३ साली होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने हे उपकरण सिगारेटला पर्याय म्हणून घडवले. ज्याने सिगारेट कधी हाती धरली नाही अशा अकरावीतल्या मुलाला त्याने कशाचा पर्याय दिला?

उपचार म्हणाल तर औषध फारसे नव्हते. थांबण्याचा दिवस त्याने स्वतः ठरवला. पहिले तीन-चार दिवस सर्वांत वाईट जातील, चिडचिड होईल, झोप बिघडेल, अभ्यासात लक्ष लागणार नाही, मग दोन ते चार आठवड्यांत ते ओसरेल, हे त्याला आधीच सांगून ठेवले. न सांगितल्यास मुलांना वाटते की आपल्यालाच हे जमत नाही. केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीसाठी विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, १८००-११-२३५६, तो क्रमांक दिला. निकोटिनच्या च्युइंगगमचा विचार या वयात लगेच करू नये, गरज पडल्यास व्यसनमुक्तीच्या जाणकारांच्या देखरेखीखालीच करावा, असे माझे मत आहे. जस्ताच्या गोळ्या बंद केल्या. त्याच्या अंगात जस्ताची कमतरता होती याला माझ्यापाशी काहीच आधार नव्हता. चवीच्या तक्रारीला जस्त लिहिण्याची ही सवय आपण सर्वांनीच तपासायला हवी.

गंधाचा व्यायाम मात्र सांगितला. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल व सहकाऱ्यांनी २००९ साली तो मांडला आणि कोविडनंतर तो घरोघरी पोचला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी काही सेकंद, मन लावून हुंगायचे, निदान बारा आठवडे. व्हेपमुळे गेलेल्या गंधासाठी त्याची वेगळी कसोटी झालेली नाही. पण अपाय नाही, आणि हाताला एक चाळा मिळतो. त्याने स्वतः त्यात हळदीच्या पानाची भर घातली.

आईला काय सांगायचे, हा खरा अवघड प्रश्न होता. मुलाने हात जोडून ‘सांगू नका’ म्हटले. अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकांचा अधिकार मोठा, हे मी जाणतो. पण त्याने जे सांगितले ते आई बाहेर गेल्यामुळेच सांगितले, हेही तितकेच खरे. जिवाला धोका असता तर मी क्षणभर थांबलो नसतो. मी त्याला एक मुदत दिली: पुढच्या भेटीपर्यंत तू स्वतः सांग, नाहीतर आपण दोघे मिळून सांगू. आईंना एवढेच म्हटले, “गंभीर काही नाही, कारण सापडले आहे, तो तुम्हांला सांगेल.” त्या निर्णयाबद्दल मला आजही पूर्ण निःशंक वाटत नाही. एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने नंतर मला सुनावले, की आईला फसवलेस. फसवले नाही, थांबवले, असे मी उत्तर दिले. ते त्यांना पटले नाही.

मुलाने आठव्या दिवशी सांगितले. वडिलांनी दोन थोबाडीत दिल्या, आईने दोन दिवस अबोला धरला. मग वडील स्वतः दवाखान्यात आले आणि खाली मान घालून म्हणाले, “माझी विडी पण सोडायची म्हणतो मी.” त्यांना मी योग्य डॉक्टरांकडे पाठवले. ते माझ्या वयोगटाबाहेरचे.

आपल्या गोव्याला या बाबतीत थोडा अभिमान बाळगण्यास जागा आहे. १९९७ साली, देशव्यापी कायदा होण्याच्या सहा वर्षे आधी, गोव्याने सार्वजनिक जागी धूम्रपान व थुंकणे यांस मनाई करणारा कायदा केला. त्यामागे कर्करोग शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांच्यासारख्यांचे परिश्रम होते. २००५ साली गुटख्यावर बंदी आली. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतात तंबाखू सेवनाचे प्रमाण २८.६ टक्के होते, गोव्यात ९.७ टक्के, सर्व राज्यांत सर्वांत कमी. ई-सिगारेटविरुद्ध केंद्राने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये कायदा केला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात, सारेच निषिद्ध. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच वर्षी अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसांना इजा होण्याची साथ आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०७ रुग्ण नोंदले गेले आणि ६८ दगावले. त्यांतील बहुतेकांचा संबंध गांजाच्या अर्कात मिसळलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या एका तेलकट संयुगाशी लागला. तो प्रकार निराळा, आणि मुलांना भीती घालण्यासाठी दोन्हींची सरमिसळ करू नये. मुले ते ताडतात आणि मग आपले खरेही खोटे ठरते.

कायदा आहे म्हणून वस्तू नाही, असे मात्र नाही. आमच्या पेडण्यात पूर्वी जत्रेला आणि दशावताराला बाहेरची माणसे येत, आता बारा महिने येतात. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. हरमल, मांद्रे, मोरजीच्या घराघरांत खोल्या भाड्याने जातात. त्यातून सुबत्ता आली, ती मी नाकारत नाही. माझ्या रुग्णांची फी त्यातूनच येते. डिचोलीत खाणी बंद पडल्यावर ज्या घरांचा पाया खचला, त्या घरांतील तरुणही कामासाठी याच किनाऱ्याकडे येतात. पाहुण्यांच्या खोलीत काय काय मागे राहते, ते सर्वांत आधी पाहते ते घरातले पोर.

तो मुलगा नाताळाच्या आठवड्यात आला तेव्हा नाक धरून सोडण्याच्या परीक्षेत वेलची ओळखू लागला होता. जानेवारीत घसरला. मित्रांच्या मेळाव्यात दोन दिवस ओढली आणि तिसऱ्या दिवशी आपण होऊन फोन केला. फेब्रुवारीपासून पुन्हा बंद. मे महिन्यात तो शेवटचा आला, तोवर त्याची गंधशक्ती माझ्या परीक्षेपुरती तरी पूर्ववत झाली होती. जाताना त्याने एक व्यवहारी प्रश्न विचारला. खोल्या साफ करताना अशा वस्तू अजून सापडतात, त्यांचे करायचे काय? काका त्या पाचोळ्याबरोबर जाळायला सांगतात.

माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. चौकशी करून कळवले ते असे: जाळू नये, आत लिथियमची बॅटरी असते, ती फुटते. ओल्या कचऱ्यात टाकू नये. उरलेल्या द्रवातील निकोटिन त्वचेतूनही शोषले जाते आणि रांगत्या मुलाने तोंडात घातले तर चमचाभरदेखील जिवावर बेतू शकते. वांती, घाम, झटके अशी लक्षणे दिसताच थेट इस्पितळ गाठावे, घरी उलटी करवू नये. हातमोजे घालून, झाकणाच्या डब्यात, लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवावे आणि पंचायतीच्या ई-कचऱ्याच्या संकलनात द्यावे. त्याने काकांच्या अंगणात तसा एक डबा ठेवला आहे. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, वर कुलूप लावले आहे, आणि किल्ली आईकडे आहे.